पाच टक्के निधी डिसेंबरात मागायचा, मार्चमध्ये नाही

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखायच्या पाच टक्के निधीचं वाटप अनेक गावांत मार्चअखेरीस होतं आणि पद्धत ठरलेली असते: नोंदलेल्या सगळ्यांच्या खात्यात सारखी रक्कम. समजा ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न १२ लाख आहे. पाच टक्के म्हणजे ६०,००० रुपये. गावात ३० दिव्यांग नोंदलेले असतील तर प्रत्येकी २,००० रुपये. ज्याला कुबडी घ्यायची आहे त्याचं त्यात भागेल. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला मापाची सी.पी. चेअर (अंगाला आधार देणारी खास खुर्ची) हवी असेल, किंवा ऑटिझम असलेल्या मुलाला आठवड्याला दोन वेळा थेरपी हवी असेल, तर २,००० रुपयांत काहीच होत नाही. प्रति सत्र ४०० रुपये धरले तरी महिन्याच्या आठ सत्रांचे वर्षाला ३८,४०० होतात.

बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांच्या वाट्याला या निधीतून कमी येण्याचं मुख्य कारण हे समान वाटप आहे, आणि ते टाळता येतं. त्यासाठी गरज अंदाजपत्रकात शिरली पाहिजे, म्हणजे अर्ज आधी गेला पाहिजे.

कायदा नेमका काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३७ चा हवाला देऊन "आमचा पाच टक्के निधी द्या" असं अर्जात लिहिलेलं असतं. पण कलम ३७ मध्ये निधी हा शब्दच नाही. तिथे गरिबी निर्मूलनाच्या आणि विकासाच्या योजनांमध्ये, तसंच शेतजमीन व घरवाटपात पाच टक्के आरक्षण आहे, आणि दिव्यांग महिलांना प्राधान्य आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नाचे पाच टक्के राखायचे, हे ग्रामविकास विभागाच्या २०१८ च्या शासन निर्णयात आहे. नगरपालिका आणि महापालिकांसाठी नगरविकास विभागाचा स्वतंत्र निर्णय त्याच वर्षीचा आहे. आधी हेच प्रमाण तीन टक्के होतं. म्हणून अर्जाला कलमाची झेरॉक्स नको, शासन निर्णयाची जोडा. शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि वर्ष निवडलं की तो मिळतो. त्यात वैयक्तिक लाभाच्या बाबींची यादी आहे: सी.पी. चेअर, बौद्धिक अक्षम मुलांसाठी शैक्षणिक संच, निरामय या आरोग्य विमा योजनेचा हप्ता वगैरे. तुमची मागणी ज्या बाबीत बसते तिचा अनुक्रमांक अर्जात लिहा. "अशी तरतूदच नाही" हे उत्तर तिथेच संपतं.

स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी, गाळ्यांचं भाडं असं ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. वित्त आयोगाचा निधी यात येत नाही. ग्रामपंचायतीच्या खात्यावर ४० लाख दिसतात म्हणून २ लाख मागायला गेलात, तर हिशेब तिथेच फसतो आणि पुढचं कुणी ऐकून घेत नाही.

आधी प्रमाणपत्र, तेही नीट वाचून

वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, स्वावलंबन पोर्टलवरच्या अर्जातूनच मिळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बदललेल्या नियमांनुसार वैद्यकीय यंत्रणेला प्रमाणपत्र द्यायला तीन महिन्यांची मुदत आहे. म्हणजे डिसेंबरात निधीचा अर्ज करायचा असेल तर हे काम ऑगस्टपर्यंत मार्गी लागायला हवं. कार्डाचे रंग तीन: ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि पुढे निळं. ४० टक्क्यांखाली जवळपास कुठलाच आर्थिक लाभ नाही.

टक्केवारी डॉक्टरांच्या अंदाजावर नसते, चाचणीच्या गुणांवरून ठरते. बौद्धिक अक्षमतेसाठी व्हीएसएमएस या रोजची कामं आणि सामाजिक समज मोजणाऱ्या चाचणीत ५५ ते ६९ गुण म्हणजे सौम्य, ५० टक्के. ३६ ते ५४ मध्यम, ७५ टक्के. २१ ते ३५ तीव्र, ९० टक्के. २० पर्यंत अतितीव्र, १०० टक्के. ७० ते ८४ ही सीमारेषा धरतात आणि २५ टक्केच मिळतात. ऑटिझमसाठी इसा ही ४० प्रश्नांची चाचणी आहे. तिच्यात ७० पेक्षा कमी गुण आले तर ऑटिझम धरला जात नाही. दोन्ही चाचण्यांमध्ये बरीच माहिती पालकांच्या तोंडून घेतली जाते. "सगळं करतो तो, फक्त थोडं सांगावं लागतं" असं कौतुकानं सांगितलेलं थेट गुणांत जातं. मूल आपणहून काय करतं, सांगितल्यावर काय करतं आणि हात धरून काय करावं लागतं, हे तीन रकान्यांत घरीच लिहून न्या. वाढवून सांगायची गरज नाही, पण झाकूनही सांगू नका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दोन अक्षमता असताना एकीचंच प्रमाणपत्र घेतल्यानं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची अस्थिव्यंग विभागात तपासणी होते, आकडा मिळतो आणि घरचे समाधानानं परत येतात. त्याला बौद्धिक अक्षमताही असेल तर दोन्हींचं मूल्यमापन मागा. एकत्रित टक्केवारीचं सूत्र असं: मोठ्या आकड्यात, लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा आकडा) भागिले ९० मिळवायचे. बौद्धिक अक्षमता ७५ आणि चालण्याची अक्षमता ५० असेल तर ५० गुणिले १५ भागिले ९० म्हणजे ८.३. एकूण ८३.३. पिवळं कार्ड निळं होतं. हा फरक पुढे महिन्याला पैशांत दिसतो.

पाच वर्षांखालच्या मुलाला "विकासात्मक विलंब" असं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. पुढे पाचव्या, दहाव्या आणि पुन्हा अठराव्या वर्षी नूतनीकरण येतं. मुदत संपलेलं कार्ड जोडलेला अर्ज बाजूला पडतो, आणि तसं कुणी कळवत नाही. तारीख बघून सहा महिने आधी पोर्टलवर अर्ज टाका.

गावातला अर्ज: महिन्यांच्या हिशेबानं

सप्टेंबर-ऑक्टोबर. ग्रामपंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत नाव आहे का ते बघा. घराबाहेर न पडणाऱ्या बौद्धिक अक्षम प्रौढांची नावं तिथे हमखास सुटतात, कारण नोंद करायला ते स्वतः येत नाहीत. नाव नसेल तर कार्ड, आधार आणि रहिवासाच्या पुराव्यासह लेखी अर्ज द्या.

नोव्हेंबर. गरजेला किंमत लावा. चेअर किंवा उपकरण असेल तर थेरपिस्टकडून शिफारसपत्र घ्या. त्यात मुलाचं माप, उपकरणाचा प्रकार आणि "तयार मापाची खुर्ची चालणार नाही" हे वाक्य हवं. नाहीतर खरेदीच्या वेळी सगळ्यांसाठी एकाच मापाच्या खुर्च्या येतात आणि त्या गोठ्यात पडून राहतात. तीन दुकानांची जीएसटीसह कोटेशनं जोडा. थेरपी हवी असेल तर केंद्राचं दरपत्रक, महिन्याची सत्रं आणि वर्षाची एकूण रक्कम लिहा. हेच उपकरण एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून घेतलं असेल तर तीन वर्षं त्या योजनेतून ते पुन्हा मिळत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना ही अट एका वर्षाची आहे. म्हणून आधी एडिपच्या शिबिरात काय मिळतंय ते बघा आणि जे तिथे मिळत नाही तेच ग्रामपंचायतीकडे मागा. कुटुंबाचं मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर एडिपचं साहित्य पूर्ण मोफत असतं, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा. अर्ज द्या. अर्ज ग्रामसेवकाच्या नावे (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे) आणि सरपंचांच्या नावे. आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज पुढच्या कुठल्याही तक्रारीत दिलाच नाही असं धरतात. मजकूर एवढा पुरेसा आहे:

"माझी मुलगी, वय ११, सेरेब्रल पाल्सी व बौद्धिक अक्षमता, यूडीआयडी कार्ड सोबत जोडले आहे. ग्रामविकास विभागाच्या २०१८ च्या शासन निर्णयातील वैयक्तिक लाभाच्या यादीतील अनुक्रमांक ___ नुसार सी.पी. चेअरची गरज आहे. थेरपिस्टचे शिफारसपत्र व तीन कोटेशने जोडली आहेत. किमान दर रु. ___. पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात दिव्यांग कल्याण या शीर्षाखाली ही रक्कम स्वतंत्र दाखवावी व येत्या ग्रामसभेत विषय घ्यावा, ही विनंती."

"स्वतंत्र दाखवावी" हे शब्द गाळू नका. नुसतं "दिव्यांग कल्याण ६०,०००" एवढंच लिहिलं गेलं की मार्चमध्ये समान वाटप करणं सगळ्यांनाच सोपं पडतं.

जानेवारी. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक याच दिवसांत तयार होतं आणि पंचायत समितीकडे जातं. अंदाजपत्रक म्हणजे नमुना १. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जा आणि तुमचा विषय इतिवृत्तात आला का ते सभा संपण्याआधी विचारा. नंतर लिहू म्हणाले तर हसून तिथेच बसा. बोलायला अवघड जात असेल तर गावातल्या इतर दोन-तीन दिव्यांग कुटुंबांना आधी भेटून ठेवा. इथे एक नाजूक गोष्ट आहे: समान वाटप बंद झालं तर त्यांचे दोन हजार जाणार, ही भीती त्यांना असते. म्हणून निम्मी रक्कम गरजेनुसार आणि निम्मी सरसकट, असा तोडगा घेऊन जाणं बरं. ठराव एकमतानं होतो आणि गावात वैर राहत नाही.

फेब्रुवारी. नमुना १ ची प्रत मागा. दिव्यांग कल्याणासमोर किती रक्कम आहे आणि ती स्वउत्पन्नाच्या पाच टक्के भरते का, हे पडताळा. मागच्या वर्षी खरोखर किती खर्च झाला ते नमुना ३ मध्ये दिसतं, आणि प्रत्यक्ष रोखीचा व्यवहार नमुना ५ च्या रोकडवहीत. तरतूद ६०,००० आणि खर्च ११,००० असं दिसलं तर उरलेल्याचं काय केलं, हा प्रश्न लेखी विचारा. रस्त्याला किंवा दिवाबत्तीला वळवलेली रक्कम इथेच सापडते. ग्रामपंचायत भवनाचा रॅम्पही अनेकदा याच शीर्षातून बांधतात. रॅम्प हवाच, पण एका वर्षाचा सगळा निधी त्यात गेला तर वैयक्तिक अर्जांना काही उरत नाही. तो दुसऱ्या बांधकाम शीर्षातून करावा, अशी मागणी ग्रामसभेत ठेवता येते.

एप्रिलनंतर खरेदी. पैसे खात्यात येणार असतील तर मुलाच्या नावे आधारशी जोडलेलं खातं आधीच उघडून ठेवा, अठरा वर्षांखाली पालकासह. बोटांचे ठसे नीट उमटत नसतील, मूल हात स्थिर ठेवत नसेल, तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक अपवादाची नोंद करून घेता येते.

छोट्या गावांचा प्रश्न वेगळा आहे. स्वउत्पन्न दोन लाख असेल तर पाच टक्के म्हणजे १०,०००. त्यात चेअर बसत नाही. अशा वेळी तोच अर्ज, तीच कागदपत्रं पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाला द्या. त्यांचाही स्वतःचा पाच टक्के हिस्सा असतो. ग्रामपंचायतीकडून मात्र निरामयचा हप्ता मागा. तो लहान आहे आणि गावातल्या सगळ्या पात्र मुलांचा एका ठरावात भरता येतो. निरामय ही राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची योजना, वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि थेरपीचा खर्चही त्यात मर्यादेत येतो. मात्र ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच गटांना आहे. मुदत १ एप्रिल ते ३१ मार्च, त्यामुळे ठराव फेब्रुवारीत व्हावा. खर्च आधी खिशातून करून नंतर परत मिळतो, म्हणून प्रत्येक बिल मुलाच्या नावानं घ्या. बापाच्या नावाचं बिल नामंजूर होतं.

शहरात

महापालिका आणि नगरपालिकांकडे रक्कम मोठी असते आणि अर्ज ठरलेल्या योजनांमधूनच जातो. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं, त्यामुळे नवी योजना किंवा रकमेतली वाढ मागायची तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये समाजविकास किंवा दिव्यांग कक्षाला पत्र द्यावं लागतं. मुंबई महापालिकेनं २०२४-२५ पासून प्रौढ दिव्यांगांना अर्थसाहाय्य सुरू केलं: पिवळ्या कार्डाला महिना १,०००, निळ्याला ३,०००. वर एकत्रित टक्केवारीचं सूत्र सांगितलं ते अशासाठीच. मध्यम बौद्धिक अक्षमतेचे ७५ टक्के एकटे असले तर १,०००, आणि दुसऱ्या अक्षमतेची नोंद झाली तर ३,०००. दुसऱ्या गावाहून शहरात आलेल्यांनी कार्डावरचा पत्ता बदलून घ्यावा.

राज्याचं मासिक अर्थसाहाय्य

हे ग्रामपंचायतीच्या निधीपेक्षा वेगळं, तहसील कार्यालयातून. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतली रक्कम सगळ्या लाभार्थ्यांना १,५०० होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं दिव्यांगांसाठी ती ऑक्टोबरपासून २,५०० करायचं ठरवलं. कायद्याच्या कलम २४ नुसार दिव्यांगांना इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त द्यायला हवं होतं ते २०१७ पासूनच. साडेआठ वर्षं गेली.

अर्जाला यूडीआयडी कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला (दिव्यांगांसाठी मर्यादा वर्षाला ५०,०००), १५ वर्षांचा रहिवास, आधारशी जोडलेलं खातं. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात, आणि बौद्धिक अक्षम माणूस स्वतः चौकशीला जात नाही, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात यायला महिने जातात. दर महिन्याला पासबुक भरून घ्या.

अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज सतराव्या वर्षीच तयार ठेवा. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी द्यायची असते आणि पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. ही यादी देणं बहुतेकांच्या डोक्यातून निघून जातं. बँकेत अडलं की आठवण होते.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी असं मासिक साहाय्य दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून येतं. महाराष्ट्राचा दाखला तिथे चालत नाही.

मुंबईपर्यंत मागणी न्यायची असेल तर

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. विशेष शाळा, कर्मशाळा, त्यांची अनुदानं या विभागाकडे, आयुक्तालय पुण्यात. मासिक अर्थसाहाय्य मात्र सामाजिक न्याय विभागाकडेच आहे. निवेदन चुकीच्या विभागाला गेलं की "संबंधित विभागाकडे वर्ग" एवढं उत्तर येऊन प्रकरण संपतं.

राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो, पण विभागांचे प्रस्ताव दिवाळीच्या आसपासच वित्त विभागाकडे जायला लागतात. त्यामुळे आमदारांना फेब्रुवारीत दिलेलं निवेदन पुढच्या वर्षासाठीच उपयोगी. मधली संधी म्हणजे पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या. निवेदन देताना लेखाशीर्ष लिहा: दिव्यांग कल्याणाचा महसुली खर्च २२३५ या प्रधान शीर्षाखाली येतो. बीम्स या वित्त विभागाच्या प्रणालीवर तरतूद किती, प्रत्यक्ष वितरित किती आणि खर्च किती, हे तीन वेगळे आकडे दिसतात. वर्तमानपत्रात येतो तो पहिला. शाळेतल्या शिक्षकांचे पगार अडतात ते दुसऱ्यामुळे. आमदारांना प्रश्न लिहून द्यायचा तर तरतूद आणि वितरण यातल्या फरकावर द्या. "निधी वाढवा" यावर मंत्र्यांना आश्वासन देता येतं, वितरण का झालं नाही यावर कारण द्यावं लागतं.

नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर

आधी माहिती अधिकार. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत बसवावा लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. विचारायचं एवढंच: मागच्या तीन आर्थिक वर्षांतलं स्वउत्पन्न, दिव्यांग निधीची तरतूद, झालेला खर्च आणि लाभार्थींची बाबनिहाय यादी. "निधी का दिला नाही" हा प्रश्न माहितीत मोडत नाही, तो लिहू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील.

आकडे हातात आले की गटविकास अधिकाऱ्यांना, मग जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना लेखी तक्रार. तिथेही हललं नाही तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे, पुण्याला. तक्रारीत चार कागद हवेत: पोच असलेला मूळ अर्ज, ग्रामसभेचं इतिवृत्त, नमुना १ आणि माहिती अधिकारातलं उत्तर. वकील लागत नाही. आयुक्तांनी शिफारस केली तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८१ नुसार संबंधित कार्यालयानं त्यावर कार्यवाही करून तीन महिन्यांत त्यांना कळवायचं असतं. शिफारशीच्या पत्राची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि तीन महिने उलटल्यावर त्याच प्रकरण क्रमांकाचा उल्लेख करून एक ओळीचं स्मरणपत्र पाठवा. नवी तक्रार केलीत तर फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.